ओला मुकुट

बाबा, काल तुमच्या नातीच्या शाळेत गॅदरिंग होतं. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ती पहिलीत आहे, इथे अकोल्यातच, आमच्या फुलांच्या दुकानामागच्या शाळेत. घरात दिवसभर बडबडते आणि शाळेच्या फाटकात शिरली की तोंडाला कुलूप. दिवाळीनंतर तिच्या मॅडमनी मला बोलावून विचारलं, "वर्गात एक शब्द बोलत नाही हो ती. घरी तरी बोलते ना?" मग त्यांनीच तिला लहान मुलांच्या संगीत नाटकात घेतलं. बाजारात आधी कोणी जायचं यावरून बागेतली फुलं भांडतात, अशी गोष्ट होती. हिच्या वाट्याला झेंडू आला, आणि शेवटी एकटीने म्हणायच्या दोन ओळी आल्या. मॅडम म्हणाल्या, "एकदा सगळ्यांसमोर आवाज निघाला की मग अडणार नाही." मी मान हलवली, पण त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. आवाज निघालाच नाही तर काय, हा विचार डोक्यातून जाईना.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी त्या ओळी मोठ्या अक्षरांत लिहिल्या, वेलांट्या पुन्हा तपासल्या आणि कागद शेगडीच्या वर चिकटवला. बायको भाकरी थापायची आणि पोरगी ताट वाजवत म्हणायची,

रंग माझा ऊन, वास माझा रानाचा,
दसऱ्याच्या दारावरती हार माझ्या मानाचा.

स्वयंपाकघरात ती एकदाही चुकली नाही.

मुकुट कागदाचा करा, असं मॅडमनी सांगितलं होतं. मला ते पटलं नाही. "फुलवाल्याची पोरगी कागदाचा झेंडू होईन काय?" मी म्हणालो. बायको म्हणाली, "झेंडू तुमी होऊन राहिले का ती? तिले होऊ द्या ना." मी ऐकलं नाही. बांबूच्या कामटीचं कडं केलं, त्यावर टपोरी फुलं घट्ट ओवली, पाणी शिंपडलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. तुम्हाला आठवतं का, अमरावतीच्या बाजारात मी टोपलीवर जपून जपून पाणी शिंपडत होतो आणि तुम्ही गिऱ्हाइकांसमोर ओरडला होता, "काहून रे, पाणी इकत आणलं काय? मार ना हात मोकळा करून!" तेव्हापासून माझा हात आखडत नाही. काल घरून निघताना मी पाणी मारलं. शाळेच्या फाटकापाशी मारलं. पडद्यामागे तिच्या डोक्यावर मुकुट ठेवताना पुन्हा एकदा मारलं.

पडदा उघडतो. गुलाब, मोगरा, शेवंती, सगळी कागदाची फुलं टुणटुण नाचतात. मागून आमचा झेंडू येतो आणि मला समोरच्या खुर्चीवरूनच दिसतं की तिच्या कपाळावरून पाणी ओघळतंय. ती मनगटाने पुसते. पुसताना मुकुट भुवयांवर येतो. ती तो वर ढकलते, तो पुन्हा खाली येतो, या वेळी डोळ्यांवर. स्पीकरवर तिच्या ओळींची चाल वाजते आणि तशीच पुढे निघून जाते. ती गप्प. शेजारी बसलेला माणूस म्हणतो, "विसरली वाटते पोरगी." मी उभा राहतो. मागून कोणीतरी म्हणतं, "ओ भाऊ, खाली बसा ना, आमची पोरं दिसून नाही राहिली." बायको माझा शर्ट ओढते. मला ओरडून सांगायचं असतं की काढून फेक तो मुकुट, पण तिचा आवाज निघेना तसा माझाही निघत नाही.

तेवढ्यात शेजारचा गुलाब, तिच्याच वर्गातली एक ठेंगणी पोरगी, दोन्ही हातांनी तो मुकुट वर उचलते आणि तसाच धरून उभी राहते. मॅडम हात वर करतात, चाल पुन्हा सुरू होते. आमची पोरगी डोळे मिचकावते, तोंड उघडते आणि गाते. दोन्ही ओळी. मुकुटाचं पाणी गुलाबाच्या कोपरावरून तिच्या कागदी पाकळ्यांवर ठिबकत राहतं आणि त्यांचा गुलाबी रंग मंचावर सांडतो. नंतर गुलाबाची आई मला गाठून म्हणाली, "फुलवाले भाऊ, आमच्या गुलाबाचा रंगच उतरवला न तुमी!" सगळे हसले. मीही हसलो. मागे वळून पाहिलं तर आमची पोरगी मॅडमना काहीतरी सांगत होती, हातवारे करून, खूप वेळ. मॅडम नुसत्या ऐकत होत्या.

घरी येताना ती गाडीवर माझ्या पुढे उभी होती. मला एकदम तुमची सायकल आठवली. मी सहावीत होतो, आमच्या गॅदरिंगच्या गाण्यात मी होतो आणि तुम्ही बाजारातून थेट, ओल्या सदऱ्याने येऊन पहिल्या रांगेत बसला होता. सकाळी माझा फेटा तुम्हीच बांधला होता. परत जाताना रिकाम्या टोपलीशेजारी बसून मी वाट पाहत होतो की तुम्ही गाण्याबद्दल काही बोलाल. शेताच्या वळणावर तुम्ही एवढंच म्हणालात, "फेटा सुटून राहिला होता तुहा. मले वाटलं, आता पडते." त्यानंतर मी कधी गाण्यात उतरलो नाही. तुम्ही गेलात, नववीत शाळाही सुटली, पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं होतं.

पुलाजवळ पोरीने मान मागे वळवून विचारलं, "बाबा, म्या कसं म्हटलं?"

"छान," मी म्हणालो. "लय छान."

बायकोलाही तेच सांगितलं, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनाही. तुम्हाला खरं सांगतो, कारण हा कागद कुठे जाणार नाही. तिच्या त्या दोन ओळींतला एक शब्दही मी ऐकला नाही. मी मुकुटाकडे पाहत होतो.