नलूताईंचा आवाज आणि माझे सदतीस मुद्दे

चिंचणी,
९ जानेवारी १९८९

तीर्थस्वरूप दामूदादांच्या चरणी धाकटा आतेभाऊ हरिश्चंद्र याचा, डॉक्टरांनी खाली वाकायला मनाई केल्यामुळे उभ्याउभ्याच केलेला नमस्कार.

वहिनींचा गुडघा आणि तुमचा खोकला यांपैकी एक तरी थांबला असेल अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. तुमची भावजय हंसा ठणठणीत आहे (गेले दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे जास्तच). माझ्या उजव्या डोळ्याचा सुटलेला पडदा मुंबईच्या डॉक्टरांनी जागेवर बसवला. रोज एक तास नजरेचं काम करायची परवानगी मिळाली आहे. त्यातला अर्धा तास मी या पत्राला देतो, म्हणून मधूनमधून शाई बदललेली दिसेल. हस्ताक्षर बदललेलं दिसणार नाही. उरलेला अर्धा तास कशाला देतो ते शेवटी लिहीन.

तुमचं कार्ड मिळालं. अंधांसाठी तुम्ही जी कॅसेटची लायब्ररी चालवता, तिच्यात पुस्तकं वाचून देणाऱ्या नलूताईंनी वाचन सोडलं, रेकॉर्डिंगच्या खोलीची किल्ली परत केली, इतिहासाच्या कादंबरीचा दुसरा भाग अर्ध्यावर पडला, आणि ‘याला कारण तुझं पत्र’. एवढ्याशा कार्डावर एवढा आरोप मावला याचं मला कौतुक वाटलं. त्याच कार्डावरून हेही कळलं, की नलूताई एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. हे आधी कळवलं असतंत तर मुद्दा क्रमांक दोन मी जरा सौम्य शब्दांत मांडला असता. (मुद्दा दोन: ‘वाचिकेला एक ते आठ आकडे क्रमाने येत नाहीत.’) आता भावना बाजूला ठेवून घडलं ते क्रमाने लिहितो.

ऑपरेशननंतर तीन आठवडे माझे दोन्ही डोळे बांधलेले होते. तीस वर्षं पोलादाच्या ठोकळ्यात केसाएवढ्या रेघा कोरणाऱ्या माणसाला तीन आठवडे काहीच दिसू नये, हा प्रकार कसा असतो याचं वर्णन मी करणार नाही, कारण वर्णन करण्यासारखं त्यात काही नव्हतं, काळं होतं. त्यात तुम्ही दोन खोकी पाठवलीत: आठ कॅसेटींची इतिहासाची कादंबरी आणि सहा कॅसेटींची शास्त्रीय. हंसा सकाळीच पानवेलीच्या वाडीत जाते. शेजारची बायडी आमच्याच अंगणात बोंबील वाळत घालते, म्हणून टेपरेकॉर्डरची बटणं दाबायचं काम तिच्याकडे दिलं. ती मच्छी विकताना हिशेबात कुणाला ऐकत नाही, पण अक्षरओळख नाही. म्हणून बोटाने चाचपून नंबर कळावा यासाठी मी स्वतः एक पद्धत काढली. हंसाला कॅसेटी ओळीने मांडायला सांगितल्या आणि तापवलेल्या सुईने त्यांच्या प्लॅस्टिकवर ठिपके पाडले: पहिलीला एक, दुसरीला दोन, असे. डोळे बांधलेले असताना, एकही ठिपका ओळ सोडून नाही. ही पद्धत तुमच्या लायब्ररीने उचलली तरी माझी हरकत नाही.

इतिहासापासून सुरुवात केली. एक ठिपक्याची कॅसेट लावली, आणि नलूताईंनी पहिलंच वाक्य उच्चारलं, ‘भाग आठवा.’ मी तिथल्या तिथे मुद्दा दोन मनात टिपून ठेवला. त्या भागात किल्लेदार तटावर लढताना पडला. बायडी बोंबील हातात धरून रडली. कॅसेट संपताना नलूताई म्हणाल्या, ‘हे पुस्तक इथे संपलं.’ बायडी विचारते, “हरीभाऊ, बाय बोलली संपलं. मंग ह्या बाकीच्या कॅशेटी कशाला हायेत?” मी तिला समजावलं, की शहरातल्या बायका थकल्या की असं बोलतात. दुसऱ्या दिवशी किल्लेदार जिवंत, आणि कटाची खलबतं करतोय. चौथ्या दिवशी त्याचं लग्न. बायडी म्हणाली, “मेला होता ना तो? मेलेला मानूस घोड्यावर कसा बसतंय?” मी सांगितलं, ही नवी लेखनपद्धत आहे, तुला कळायची नाही. मलाही ती पसंत नव्हती, पण ते मी तिला कशाला सांगू? शेवटच्या दिवशी किल्लेदाराचं बारसं झालं, बायडीने स्वतःच्या टोपलीतले ओले बोंबील घरोघर वाटले, आणि पुढे दुसरं खोकंही संपल्यावर मी हंसाला समोर बसवून सदतीस मुद्दे लिहून घ्यायला लावले. ते पत्र तुम्ही नलूताईंना वाचायला दिलंत, ही जबाबदारी तुमची.

त्यातले काही मुद्दे क्रमाबद्दल नाहीत, हे लक्षात घ्या. संध्याकाळी तोफ ओतली आणि पहाटे डागली, असं त्या लेखकाने लिहिलं आहे. एवढा धातू गार व्हायला किती दिवस लागतात हे त्याने बोईसरच्या कुठल्याही कारखान्याच्या फाटकाबाहेर उभं राहून विचारलं असतं तरी कळलं असतं. (तिथले बिहारी कामगारसुद्धा हसून म्हणाले असते, “भाईसाब, हाथ जल जायेगा.”) दुसरं, त्यात एक कारागीर राजमुद्रा कोरताना कोरलेली अक्षरं भराभर वाचून दाखवतो. मुद्रेवर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलट उमटतं. आमची डायही, म्हणजे धातूवर नक्षी उठवायचा पोलादी ठसा, तशीच: डावं ते उजवं, उंच ते खोल. ज्याला उलटसुलट कळत नाही त्याने इतिहासाच्या वाटेला जाऊ नये, असं मी मुद्दा एकोणीसमध्ये ठणकावलं आहे, आणि ते आजही माझं मत आहे.

शास्त्रीय कादंबरी मात्र मला अतिशय आवडली. तिची सुरुवात ‘भाग सहावा’ने झाली, पण यान सोडताना आकडे उलटेच मोजतात हे मला माहीत असल्यामुळे मी ते समजून घेतलं. शनीच्या चंद्राकडे निघालेल्या यानाचा कप्तान पहिल्या कॅसेटीत पांढऱ्या दाढीचा आहे. पुढे दाढी काळी होते, मग जाते, आणि शेवटी तो कोवळा तरुण होऊन आईचा निरोप घेतो. बायडीला हे पटेना. मी तिला सांगितलं, की वेग वाढला की काळ मंदावतो (मी शाळेत सातवीपर्यंतच गेलो, पण त्यापुढचं सगळं स्वतः वाचून समजून घेतलं आहे), आणि वेग आणखी वाढला की तो मागे फिरणारच. यावर तिने विचारलं, “तिथं ऊन नाय, तं मासळी कुठं सुकवतात?” प्रश्न रास्त होता. तो मुद्दा चौतीस म्हणून तुमच्याकडे आलेला आहे. जागेअभावी तिचं नाव राहिलं. इतिहासवाल्याने या शास्त्रवाल्याकडून मांडणी शिकावी, अशी शिफारसही मी केली होती.

मग डोळे सुटले. गेल्या शुक्रवारी हंसा खोकी परत बांधत होती आणि एकदम खाली बसून हसायला लागली. एक ठिपक्याच्या कॅसेटीवर तुमच्या अक्षरात ‘८’ लिहिलेलं होतं. सातावर दोन ठिपके, सहावर तीन. तिने कॅसेटी डावीकडून उजवीकडे मांडल्या होत्या, आणि मी उजवीकडून सुरुवात केली होती. तीस वर्षं ज्या हाताने डावं ते उजवं म्हणूनच कोरलं, तो हात डोळे बांधल्यावर दुसरं काय करणार? ठिपके पाडताना हंसा काहीतरी बोलली होती हे खरं, पण काम चालू असताना मधे बोललेलं मला चालत नाही. मी बायडीला बोलावून प्रामाणिकपणे सांगितलं, की आता गोष्ट सुलट क्रमाने ऐकवतो. तिने हात जोडले. “नको हरीभाऊ. आमचा किल्लेदार पालन्यात हाय. त्याला परत नका मारू.” पण नलूताईंनी अर्ध्यावर सोडलेल्या दुसऱ्या भागात त्याच्या मुलाची गोष्ट आहे, हे तिला कुठूनतरी कळलं आहे (हंसाकडून). आता ती रोज कुंपणावरून विचारते, बाय कदी वाचनार. काय सांगायचं ते तुम्ही कळवा.

एकंदरीत, झालं त्यात दोष कुणाचा या वादात मी शिरत नाही. पत्र लिहून माझं कर्तव्य मी केलं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि खोकल्यावर काढा सकाळी घ्या, जेवल्यावर नको.

आपला,
हरिश्चंद्र

ता. क. सदतीसपैकी क्रमाबद्दलचे एकतीस मुद्दे मी मागे घेतो. तोफ, राजमुद्रा, ऊन वगैरे सहा कायम. पण ते लेखकांना लागू आहेत, नलूताईंना नाहीत, हे त्यांना स्पष्ट करून सांगावं.

दुसरा ता. क. डाव्या डोळ्याचाही पडदा सुटू लागला आहे. ऑपरेशन चौदा फेब्रुवारीला. पुन्हा तीन आठवडे दोन्ही डोळे बांधणार. तुमच्याकडे दुसरे वाचक असतील, मी नाकारत नाही. पण मागच्या खेपेला, कॅसेट कुठलीही लावली तरी, तो आवाज सुरू झाला की मला खोलीची लांबीरुंदी कळायची. चौदा तारखेपर्यंत दुसऱ्या भागाच्या निदान दोन कॅसेटी व्हाव्यात. त्या नलूताईंनी हव्या त्या क्रमाने वाचाव्यात. मी काही बोलणार नाही.

तिसरा ता. क. उरलेल्या अर्ध्या तासात मी नलूताईंसाठी एक डाय कोरली. डोळ्यानंतरचं हे पहिलं काम. त्यावर ठोकलेलं चांदीचं पदक सोबतच्या डबीत आहे. त्यावर दोनच शब्द आहेत: ‘चूक माझी’. या वेळी काही उलटं होऊ नये म्हणून पोलादात प्रत्येक अक्षर सुलट आहे ना, हे मी तीन तीनदा तपासून कोरलं. काम निर्दोष आहे. नलूताईंनी ते आरशासमोर धरून वाचावं.