मामांच्या नावाचा रस्ता

३ जानेवारी

आज गल्लीची बैठक, आमच्याच अंगणात. 'गल्ली नंबर चार' हे नाव कुणालाच नकोय — कुरिअरवाले पलीकडच्या कॉलनीतल्या चार नंबरला जातात! सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, सांगूनच टाकलं, "शेषेराव मार्ग करा. निलंग्याहून येऊन पयलं घर म्या बांधलं. लाइटीचे खांब म्या आनले." कुणी नाही म्हटलं नाही. चहा झाला.

९ जानेवारी

आमचे हे, दयानंद, अर्ज घेऊन महापालिकेत जाऊन आले. हयात माणसाचं नाव देत नाहीत म्हणे. मामा भडकले. "मंग म्या मरू का?" मला हसू आवरेना. आत पळाले.

१० जानेवारी

जो तो मामांची तब्येत विचारतोय. मामांना भलताच संशय!

१८ जानेवारी

पुन्हा बैठक. कुणी साईनगर म्हणे, कुणी सनसिटी. समोरचे वीरण्णाकाका म्हणाले, "वहिनीचं द्या की."

वहिनी म्हणजे माझ्या सासूबाई. जाऊन पाच वर्षं झाली. लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात आमच्या बोअरची नळी त्या रोज एकेका दारात सोडायच्या. मामा लाइट बिलावरून ओरडायचे — मी ऐकलंय.

"बोअर माझा हाय," मामा म्हणाले.

"हाव. पन नळी कोन सोडायचं?"

मामा उठून आत गेले.

१९ जानेवारी

मामा जेवले नाहीत. ताट झाकून ठेवलं.

२१ जानेवारी

सकाळी मामांनी स्वतःच दयानंदांना हाक मारली. "तिचंच लिव. लोकायला पानी तिनं पाजलं."

दयानंद म्हणाले, "पूर्ण नाव टाकू? मधी तुमचं बी येतंय."

"न्हाई. तिचं एकटीचं." मग भाकरी मागितली.

२ मार्च

पाटी लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं — नीलाबाई मार्ग. वीरण्णाकाकांनी पेढे वाटले. मामा फाटकातूनच बघत होते.

५ मार्च

गॅसवाल्याचा फोन मामांनी उचलला. "कोणती गल्ली?" त्यानं विचारलं; दारामागे मलाही ऐकू आलं. मी या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडी 'दयाची आई' एवढंच ऐकलंय. नाव कधी घेतलंच नाही त्यांनी. गॅसवाला हॅलो हॅलो करतोय. मग हळूच म्हणाले, "नीलाबाई मार्ग."

फोन ठेवला. समोर कुणी नव्हतं, तरी परत एकदा म्हणाले — "नीलाबाई."