चारच पत्ते

५ जुलै
आलो एकदाचे! घर झकास आहे. तीन खोल्या, भरपूर उजेड, ओट्याची उंची बायकोच्या मापाची, मुलीला स्वतंत्र खोली. नऊ नळ स्वतः तपासले, एकही गळत नाही. मेहुणा महिनाभर आमच्याकडेच, बाहेरच्या दिवाणावर. तो डिग्रीवाला इंजिनिअर, मी यंत्रं उघडून उघडून शिकलेला. उंबऱ्यातच म्हणाला, दाजी, इथलं काय काय खोलणार?

खोलण्याजोगी वस्तू एकच निघाली. जिन्याखालच्या कपाटात, भिंतीत पक्का बसवलेला जुना राउटर. घरमालक म्हणाले, तो घराबरोबरच येतो, त्यात हात घालू नका. हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलू नये.

६ जुलै
हात घातला. बायकोने विचारलं, फोनला नेट आपोआप मिळतं कसं? तिला सांगितलं तेच नोंदवतो. नवं यंत्र घरात आलं की सगळ्या घराला उद्देशून ओरडतं, कोणी आहे का? मला जागा द्या! कुणाला विचारायचं हे त्याला ठाऊक नसतं ना. राउटर म्हणतो, हा पत्ता मोकळा आहे, घे. यंत्र म्हणतं, घेतला. राउटर नोंद करतो आणि मुदत घालून देतो, इथे चोवीस तासांची. यंत्र घरात असलं की वेळेआधीच मुदत वाढवून घेतं. बाहेर राहिलं आणि मुदत उलटली, तर पत्ता मोकळा. मग रांगेत पहिला जो ओरडत असेल त्याचा. बायको म्हणाली, म्हणजे भाडेकरूच की. नेमकं पकडलं तिने.

यंत्राची खरी ओळख कारखान्यात दिलेल्या क्रमांकाने होते. आमच्या चारही फोनचे क्रमांक या वहीत उतरवले. मुलीच्या फोनचा शेवट ४१. आकडे मी मराठीतच लिहितो. मेहुणा खांद्यावरून डोकावून म्हणाला, दाजी, तुमचा हा ४१ इंग्रजी 89 दिसतो, एक दिवस घोळ घालाल. म्हटलं, वीस वर्षांत माझ्या हातून एका अंकाची चूक झालेली नाही.

९ जुलै
राउटरच्या यादीत पाचवा! नाव नाही. क्रमांक मुलीच्या फोनशी तंतोतंत जुळतो, फक्त शेवट 89. शेजारचा कुणी फुकट्या असणार. पासवर्ड बदलला, दहा मिनिटांत स्वारी पुन्हा हजर. मग मुळावरच घाव घातला. राउटरकडे वाटायला शंभर पत्ते होते, ते छाटून चार ठेवले. माणसं चार, पत्ते चार, पाचव्याचा पत्ता कट!

मेहुणा म्हणाला, आणि दाजी, पाहुणा आला तर? म्हटलं, पाहुण्याने आपल्या घरी जावं. सगळे हसले. तो जरा कमी.

१२ जुलै
मेहुणा काल सकाळी दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेला. आज अकरा चाळीसला त्याच्या फोनची मुदत उलटली आणि त्याच्या जागी बिननावाचा येऊन बसला. जेवताना बायकोला म्हटलं, तुझ्या भावाचा पत्ता गेला. ती म्हणाली, कुणाचा भाऊ?

थट्टा वाटली. मग तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिला भाऊ नाही. कधी नव्हताच. चपलांच्या फळीवर तीनच जोड. मुलगी म्हणाली, बाबा, मला मामा असता तर किती मजा आली असती. मलाही त्याचा चेहरा नीट आठवेना. आहे तो या वहीत तेवढाच.

दिवाणावर मात्र कुणी बसल्यासारखा खळगा पडलाय. बायकोने चौथं ताट वाढलं. कुणाला म्हणून विचारलं तर म्हणाली, अहो, असं काय करता?

खोटं कशाला लिहू. पहिल्या क्षणी बरं वाटलं. आता कुणी चुका काढणार नाही.

१३ जुलै
चाराचे पुन्हा शंभर करायला गेलो. तो रकाना आता उघडत नाही. प्लग उपटला. प्लग माझ्या हातात, आणि राउटरचा दिवा सुरूच.

फाटकाशी सकाळपासून एक माणूस उभा आहे. ओठ हलतात, आवाज येत नाही. बायको म्हणाली, कुणाला बघताय? तिथे कुणी नाही. विक्रेता असेल म्हणालो आणि पडदा ओढला.

१४ जुलै
कामावरून आलो तर मुलगी घरात नाही. शाळेच्या स्पर्धेला गेली, दोन दिवस. बायकोने तीन वाजता बसमध्ये बसवून दिली. मी आधी बायकोवर ओरडलो. मग कपाटाकडे धावलो.

मुलीच्या फोनची मुदत उद्या दुपारी दोन बारापर्यंत. फोन लावतोय, लागत नाही.

१५ जुलै
सापडलं! एक रकाना अजून उघडतो. कायमचा पत्ता. यंत्राचा क्रमांक भरला की त्याची आत्ताची जागा मुदत न लागता त्याचीच. एकदाच भरता येतो. पावणेदोन वाजलेत. वहीतून मुलीचा क्रमांक एकेक करून भरला. पुसता येणार नाही, कबूल का? — असं राउटरने विचारलं. कबूल म्हटलं. वाचली पोर.

दोन बारा झाले. दार वाजलं.

मेहुणा. दाजी, फाटक कशाला लावून घेता, म्हणत आत आला. बायको हसतेय. भाऊ आला, भाऊ आला. त्याची बॅग सरळ मुलीच्या खोलीत. खोली त्याचीच आहे म्हणे. आम्हाला मूल नाही म्हणे.

फाटकाशी तोच उभा होता. तीन दिवस ओरडत होता. रांगेत पहिला.

मग मुलीचा —

वही उघडली. ४१. रकान्यात काय भरलं ते पाहिलं.

89.

माझाच ४. माझाच १. मी मराठी आकडा इंग्रजी वाचला. दिवाणावरचा तो आता कायमचा. उरले तीन पत्ते. माणसं चार.

१६ जुलै
ती आली. फाटकाशी उभी आहे, दप्तर पाठीला. ओठ हलतायत. बाबा म्हणतेय, एवढं कळतं. आवाज नाही. हात धरायला गेलो, हात हाताला लागत नाही. मेहुणा म्हणाला, दाजी, हवेशी काय बोलताय? ताई, यांना जरा झोपव.

तिचं नाव आठवत नाही. वहीत मी तिचं नाव कुठेच — मुलगी, मुलगी एवढंच लिहिलंय —

एकच पत्ता सोडता येतो. माझा.

१६ — नंतर
राउटरच्या यादीतली माझी ओळ पुसली. वही घेऊन फाटकाशी आलो. ती आत गेली. माझ्या अंगावरून गेली, पाहिलं नाही. बायकोने तिला पोटाशी धरलं. चार ताटं मांडली.

मी ओरडतोय —

मेहुणा खिडकीत आला. माझ्याकडे बघतोय. मुलीने विचारलं असावं, मामा, कोण आहे? त्याचे ओठ वाचता येतात. विक्रेता असेल.

पडदा —

वहीतली अक्षरं फिकी — कोणी आहे का — मला जा