स्कार्फाए बेटावरची माझी खाट

१२ मे
परवा स्कार्फाए बेटावर, कड्यांवरच्या समुद्रपक्ष्यांची अंडी काढायला जायचं. सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून तिथल्या झोपडीतली त्यांची खाट रिकामी आहे. ती कोणाला द्यायची ते शिकारी मंडळ परवाच ठरवणार. खाट मिळाली की मंडळात जागा मिळाली. जावई मी एकटाच, मग ठरवायचं काय राहिलं? खाटेवर ठोकायला माझ्या नावाची फळी कोरून ठेवली. अक्षर झकास आलंय.

१३ मे
कड्यावर दोराची प्रॅक्टिस करणार होतो. वारा होता. मनातल्या मनात उतरून पाहिलं, छान जमलं. बायकोलाही नेतोय. आस्लोगनं नवऱ्याला एकदा तरी कड्यावर बघावं.
सासरे म्हणाले, जावईबापू, जुनेर घाला, फुल्मर पक्षी अंगावर तेल ओकतो. मी नवा पांढरा स्वेटर काढला. निवडीच्या दिवशी जुनेर कोण घालतं?

१४ मे, सकाळ
समुद्र खवळलेला. बेटाला होडी लावायला धक्का नाही. लाटेनं होडी उचलली की खडकावर उडी मारायची. मंडळाचा म्होरक्या क्यार्तन म्हणाला, हं, आता. आस्लोगनं मारली. मी चांगल्या लाटेसाठी थांबलो. होडी गोल गोल फिरत राहिली. शेवटी क्यार्तननं मागून ढकललं. मी मारणारच होतो.

दुपार
पक्ष्यांच्या कलकलाटानं कान किटले. तरी कपारीत उतरलो. हात मोकळे राहावेत म्हणून अंडी स्वेटरच्या आत, पोटाशी भरायची. भराभर भरली. क्यार्तननं वरून विचारलं, जमतंय का रे? म्हटलं, पोरखेळ आहे. तेवढ्यात शेजारच्या फुल्मरनं चोच उघडली. मी प्रसंगावधान राखून खडकाला पालथा बिलगलो. अंडी पोटाशी होती हे नंतर आठवलं. तेल पाठीवर आलंच.
मग पाय हलेनात. थंडीनं. आस्लोग दोरावरून उतरली, मला बांधून वर पाठवलं आणि माझ्या वाटची अंडी स्वतः भरून आणली. विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, बाबांबरोबर, लहानपणी. तू कधी विचारलंस?

संध्याकाळ
झोपडीत सगळे उकडलेली अंडी खातायत. वासामुळे मला दाराबाहेर बसवलंय. आतली चर्चा नीट ऐकू येत नाही, पण हशा मैत्रीचा वाटतो. फळी मांडीवर तयार आहे.

१५ मे
खाट आस्लोगला. एकमतानं. सासरे फोनवर आनंदानं रडले म्हणे. मला वाईट वाटलं, खूपच. पण तिचा चेहरा बघून बोलवेना. पफिन पक्षी धरायच्या दिवसांत ती बेटावर राहणार, मी घरी मांजर सांभाळायचं. स्वेटर कितीही धुतला तरी मांजर त्यावरून हलत नाही.
आस्लोगनं फळी मागितली. म्हणाली, मागची बाजू कोरी आहे ना रे? तिचं नाव कोरायला बसलोय. म्हणजे माझंही नाव खाटेवर लागणारच. भिंतीकडे तोंड करून.