बाभळीच्या रानातली द्राक्षं

नळदुर्ग, रविवार संध्याकाळ

आज दादाच्या ढाब्यावर जेवले. तो सहज बोलून गेला, "ढाब्याची कमाई मी द्राक्षाची दाखवतो. शेतीला टॅक्स न्हाय."

कुठल्या रानात द्राक्षं? तर माझ्या वाट्याच्या. तिथं नुसत्या बाभळी आहेत. "तुला शाळेचा पगार हाय, माझं पोट रानावर," वाटणीच्या वेळी म्हणाला होता, म्हणून मी हक्क सोडला.

माझा टॅक्स पगारातनं आधीच कापला जातो. त्याच्याकडं भांडी घासणारी पारूबाई साबणाच्या वडीवरही टॅक्स भरते. मोकळा कोण, तर दादा.

निघताना त्यानं बाजारातली द्राक्षं हातात दिली. "आपल्या रानातली समज," म्हणून हसला. त्या बाभळी डोळ्यासमोर असतानाही मी हसले. तेच खुपतंय.