आठ हर्ट्झचा कंप्रेसर

३ मार्च, सकाळी ८.००
पुन्हा कामावर. किडनी बदलून चौथा महिना. किडनी आईची, शिस्त माझी. ती टिकवणारी गोळी आठच्या ठोक्याला. काल डॉक्टरबाईंनी विचारलं, काही त्रास? नाही म्हटलं. हात थोडे थरथरतात, पण तो त्रास नव्हे, निरीक्षण. सांगितलं तर डोस कमी करतील आणि आईची किडनी माझ्या शरीराला परकी वाटू लागेल. ती घालवायची नाही.

५ मार्च
माझं काम तराजू तपासण्याचं. चिमट्याने पन्नास मिलिग्रॅमचं वजन उचलायचं, तराजूत ठेवायचं, आकडा लिहायचा. आज वजन तीनदा निसटलं. एकदा साहेबांच्या चहात. साहेब म्हणाले, अहो, साखर घालून झाली होती. कारण सापडलं: भिंतीपलीकडचा कंप्रेसर. इमारत हलते.

७ मार्च
कपापेक्षा बशीत चहा जास्त. आई म्हणाली, हात बघू तुझा. म्हटलं, कपाचा तळ वाकडा आहे. म्हणाली, गेली सहा वर्षं सरळ होता गं. संकल्प: यापुढे अर्धाच कप.

१० मार्च
बॅटरीवरचा कंपमापक आणला. हलू नये म्हणून टेबलावर हाताने घट्ट दाबून धरला. सेकंदाला आठ झटके. स्वच्छ आलेख. कंप्रेसरविरुद्ध लेखी तक्रार दिली. साहेबांनी विचारलं, खाली हा दुसरा आलेख कशाचा? ती सही होती.

१४ मार्च
मिस्त्रींनी कंप्रेसरखाली रबर बसवलं. मोजलं. आठ. मिस्त्री म्हणाले, मॅडम, तेवीस वर्षं सांभाळतोय, गरीब आहे हो तो. भावनिक माणूस.

१७ मार्च, दुपारी १२.३०
कंप्रेसर बंद केला. आठ. मेन स्विच पाडला. आठ. वीज नाही म्हणून सगळं ऑफिस बघायला जमलेलं. मिस्त्री म्हणाले, मॅडम, जरा हात काढता? शून्य. आता ठेवा. आठ.
घरी लवकर आले. डोकं दुखत होतं.

१९ मार्च
आईने दवाखान्यात नेलं. सकाळच्या गोळीआधी रक्त दिलं. औषध गरजेपेक्षा जास्त निघालं. बाई म्हणाल्या, थरथर त्याचीच, पुष्कळांना होते. डोस थोडा उतरवू, रक्तावर लक्ष ठेवू. मी विचारलं, किडनी जाईल? म्हणाल्या, हे मोजून करतो आम्ही. धोका तुमच्या गप्प बसण्याचा. आईने विचारलं, डॉक्टर, माझं अजून काही हिच्यात बसवता येईल का? थोडी अक्कल?

२ एप्रिल
थरथर बरीच कमी. किडनीचे आकडे उत्तम. पूर्ण कप चहा, बशी कोरडी. तक्रार मागे घेतली. सही वाचता येते. मिस्त्रींनी शेरा मारला: कंप्रेसर निर्दोष.
साहेब महिनाभर कपावर बशी झाकून माझ्या टेबलाशी येत होते. आज न झाकता आले. एवढा विश्वास! मी भारावले आणि वजन सरळ चहात.
या वेळी कारण शोधलं नाही. चमचा आणला.