वन्संसाठी भरलेली कॅसेट

आई, तुम्ही सासू, पण लग्न होऊन आल्यापासून तुम्हाला आईच म्हणत आले, तेव्हा तेच लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर गोड मानून घ्या. कालपासून माझा पाय एका जागी ठरत नाहीये. वाईट काही नाही हो, आनंदच आहे. वन्संच्या ट्रंकेत ती कॅसेट सापडली, तुम्ही फरीदाबादच्या घरात भरलेली. त्यांचा मुलगा सांगलीहून घेऊन आला आणि इथे दिल्लीला, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये, माझ्या नातीनं कुठलीशी वायर जोडून ती मोबाइलमध्ये उतरवली. "आजी यार, पणजीचा आवाज, बिल्कुल क्लिअर!" म्हणाली, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि क्लासला पळाली. मी फोन उचलला, ठेवला, मेथी निवडली, परत उचलला.

आपल्याकडे टेलिफोन आला तो दिवस आठवतो? नवे कारखाने, नवी घरं, ज्याच्या त्याच्या गच्चीवर केबलच्या तारा, आणि आपला तो लाल फोन. तुम्ही त्याला हळदीकुंकू वाहिलंत, मी क्रोशाचं झाकण विणलं. कणकेच्या हातानं रिसीव्हर उचलला म्हणून मला केवढं बोललात, "तो काय तवा आहे?" पण स्वतः मात्र पोटच्या लेकीशी फोनवर हिंदीत! घरात एवढी खणखणीत मराठी, आणि फोन कानाला लागला की, "हाँ बेटी, सब ठीक है. आप कैसे हो?" लेकीला आप! मी हसून पदर तोंडात कोंबायची. एकदा विचारलंच, तर दबक्या आवाजात म्हणालात, "एक्सचेंजमध्ये माणसं ऐकत असतात गं. तुझ्या नवऱ्याची सरकारी नोकरी. मराठीत बोललं तर त्यांना वाटेल, काहीतरी लपवतायत."

तिकडे वन्संना पहिलटकरणीचे दिवस. एकदा तुम्ही भाजीला गेला असताना त्यांचा फोन आला. रडतच होत्या. "वहिनी, मी नाही येत बाळंतपणाला. आईला मी परकी झाले. पाहुण्यांशी बोलावं तसं बोलते." मी सांगितलं तर तुम्ही पिशवीसकट खालीच बसलात. जेवला नाहीत. मग म्हणालात, "तो टू-इन-वन काढ." कोरी कॅसेट घरात नव्हती, म्हणून भजनांचीच घेतली. तिच्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून पाठीला खाच असते ना, तिच्यात मी कागदाचा बोळा कोंबला, लाल बटण दाबलं आणि कौतुकानं शेजारी बसले. तर तुम्ही म्हणालात, "तू आत जा. हे मायलेकींचं आहे."

गेले. पण लागलं मला. बटण दाबायला मी, आणि ऐकायला नाही! आत कुकर लावला तरी कान बाहेरच. वन्सं नंतर आल्या, बाळंतपण आपल्याकडेच झालं, तुमच्या मांडीवर नातू आला. त्या कॅसेटीत काय होतं, ते कुणी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण इतकी वर्षं एक किडा डोक्यात वळवळतच होता. माझ्याबद्दल काही बोललात का? चांगलं, वाईट, काहीतरी? तोंडावर कधी कौतुक केलं नाहीत म्हणून विचारते. आता तुम्ही नाही, तर हे यंत्रच काय ते सांगणार, आणि तेच दाबायला बोट धजेना.

शेवटी आज दुपारी दाबलं. आधी नुसती खरखर. मग तुमचा खाकरा. अगं बाई, तोच! आणि मग मराठी, धो धो मराठी. "चिमणे, रागावलीस होय गं?" वन्संना एवढी मऊ हाक मारताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं. डिंक आणून ठेवलाय, दुपटी शिवून झालीत, तुझी खोली झाडलीय. मी कान टवकारून बसलेली. एवढ्यात माझं आलं! "वहिनीचे लाडू वळताना फुटतात, पण तू येईस्तोवर शिकवते तिला." बस, एवढंच. मला हसू आलं आणि रागही आला. फुटायचे नाहीत माझे लाडू, तुम्ही तूप कमी घालायला लावायचात!

मला वाटलं संपलं. तर तुमचं बोलणं थांबलं, मागे माझ्याच कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही घाबऱ्याघुबऱ्या ओरडलात, "अगं ए! ये गं लवकर! हे बंद कसं करायचं? तुझ्याशिवाय मला काही जमत नाही बाई!" आणि आतून एक तरणाताठा आवाज, "आले आई!" तो माझा, बरं का. मग खट्ट.

हे कागद कुठे टाकायचे, ते काही मला ठाऊक नाही. राहतील माझ्या कपाटात, साड्यांखाली. नात आली की विचारेल, आजी, पूर्ण ऐकलंस का? ऐकलं म्हणेन. पण खरं म्हणजे दुपारपासून तो शेवटचा तुकडाच परत परत लावतेय, आणि दर वेळी तुमची हाक आली की गुडघ्यावर हात टेकून अर्धी उठतेय.